मोडायला एक नेटवर्क द्या

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजात एक्सटर्नल म्हणून ओरल घ्यायला गेलो होतो. विषय कॉम्प्युटर नेटवर्क्स. समोर बसलेल्या मुलाचं जर्नल देखणं होतं. दहाच्या दहा प्रयोग, प्रत्येकाखाली रंगीत प्रिंट, समासाला लाल रेघ. शेजारच्या भिंतीवर एक छोटा स्विच, म्हणजे संगणकांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी, होता आणि त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. मी सहज विचारलं, "ही केबल आत्ता काढली तर काय होईल?" तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "सर, लॅबमध्ये केबलला हात लावायला परवानगी नाही."

मी त्याचे मार्क कापले. आज त्याचं थोडं वाईट वाटतं, कारण मुलगा खरं तेच सांगत होता. चार सेमिस्टरं तो ज्या खोलीत येत-जात होता तिथे काहीही बिघडवायची मुभा नव्हती, आणि जिथे काही बिघडत नाही तिथे दुरुस्ती तरी कशाची शिकणार?

सध्या मुंबई-ठाण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत 'व्हर्च्युअल लॅब', म्हणजे संगणकातच चालणारी प्रयोगशाळा, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. व्यवस्थापनाला ती हवी असते कारण जागा वाचते, राउटर विकत घ्यावे लागत नाहीत आणि तपासणीच्या फाइलमध्ये एक पान वाढतं. जुन्या प्राध्यापकांना ती नको असते, कारण त्यांच्या मते ते खेळणं आहे. खऱ्या तारा, खरी यंत्रं हाताळल्याशिवाय नेटवर्किंग येत नाही. गेली सात वर्षं मी हा विषय तासिका तत्त्वावर शिकवतोय, आणि त्याआधी बारा वर्षं अंधेरीतल्या एका कंपनीचं नेटवर्क सांभाळत होतो. मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताना दिसतात. व्हर्च्युअल लॅबचं मोल स्वस्ताईत नाही. ती मोडता येते, यात आहे. आणि जी मोडता येत नाही, ती व्हर्च्युअल असो की पितळेची, तिला लॅब म्हणायला मी तयार नाही.

केबलला हात लावायची बंदी येते कुठून, तेही सांगतो. मी शिकवायला लागलो त्याच वर्षीची गोष्ट. एका विद्यार्थ्याने लोंबकळणारी केबल बघितली, 'सर, ही सुटली होती' म्हणत तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खुपसलं. मिनिटभरात सगळे दिवे लुकलुकायचे थांबले आणि एकसारखे पेटून राहिले. लॅबमधल्या मशीन गोठल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण लॅब आणि ऑफिस एकाच नेटवर्कवर, आणि दिवस फी भरण्याचे. खाली काउंटरवर रांग जिन्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी रॅकला कुलूप लागलं आणि किल्ली एका कपाटात गेली. ते कपाटही कुलपात असतं.

खरं म्हणजे त्या मिनिटात अख्ख्या सेमिस्टरचा धडा होता. स्विच माहिती ज्या पाकिटांतून पुढे पाठवतो त्या इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटरवर तो एकाने घटतो आणि शून्यावर पॅकेट मरतं. फ्रेमला तशी सोय नाही. त्यामुळे वर्तुळ तयार झालं की एकच ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून सोडलेली, फ्रेम फिरत राहते, तिच्या प्रती निघत राहतात आणि स्विचचा श्वास कोंडतो. यावर राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल शोधला. तो वर्तुळातली एक वाट बंद ठेवतो. आमच्या मुलांना त्याची व्याख्या पाठ होती. स्वस्तातल्या त्या स्विचमध्ये तो नव्हता, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. आधी माझ्याही नाही. आणि ज्या मुलाने तो धडा सगळ्यांना दाखवला, त्याने माफीपत्र लिहून दिलं.

तोच प्रकार व्हर्च्युअल लॅबमध्ये केला तर? चार स्विच, त्यांच्यात मुद्दाम वर्तुळ, स्पॅनिंग ट्री बंद. वादळ उठू द्यायचं, वायरशार्क या रहदारी टिपणाऱ्या साधनात फ्रेम मोजायच्या, मग प्रोटोकॉल चालू करायचा आणि कोणता पोर्ट गप्प बसतो ते बघायचं. फीच्या काउंटरवर कुणाला पत्ताही लागत नाही. फसलं तर स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी जतन केलेल्या स्थितीवर, परत यायचं. गोविंदा पथकं गुरुपौर्णिमेपासून सरावाला लागतात ती काय शोभेसाठी? थर कोसळायचे ते सरावात कोसळून जावेत म्हणून. आम्ही मुलांना थेट दहीहंडीच्या दिवशी रस्त्यावर उभं करतो आणि वर म्हणतो, पडायचं नाही.

पण आमच्याकडे व्हर्च्युअल लॅब म्हणजे बहुतेकदा काय असतं? केंद्र सरकारने २००९ मध्ये शिक्षणातल्या माहिती-तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय मोहिमेखाली व्हर्च्युअल लॅब्स प्रकल्प सुरू केला. आयआयटी दिल्लीकडे समन्वय, सोबत आयआयटी मुंबई, पुण्याचं सीओईपी आणि इतर संस्था. काम मोठं आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडतं. रसायनशास्त्र किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या मुलांना त्याचा उपयोग होतो, हे मी स्वतः बघितलंय. त्याची मांडणी मात्र ठरलेली: उद्दिष्ट, सिद्धांत, पूर्वचाचणी, कृती, सिम्युलेशन, उत्तरचाचणी. बटण दाबलं की पॅकेट इकडून तिकडे जातं. ते कायम जातंच. मी वर्गात वापरलेल्या अशा प्रयोगांत ते वाटेत हरवलं, भलत्याच्या हाती लागलं किंवा कुणी त्यात फेरफार केला, असं काही होत नाही. मुलं स्क्रीनशॉट घेतात, जर्नलला चिकटवतात, सबमिशन संपतं.

दुसरी पायरी सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरची. हे चांगलं साधन आहे आणि सबनेटिंग, व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आतल्या आत केलेले वेगळे तुकडे), राउटिंग शिकवायला मी ते रोज वापरतो. पण तो सिम्युलेटर आहे. राउटरचं सोंग आहे. लिहिणाऱ्याने जेवढ्या आज्ञा त्यात घातल्या तेवढ्याच चालतात. एम्युलेटर ही वेगळी जात. मिनिनेट किंवा कॅथारासारख्या साधनांत लिनक्सचं खरं नेटवर्क चालतं, खरे पॅकेट धावतात आणि वायरशार्क ते पकडतं. फरक असा की सिम्युलेटरमध्ये तेच बिघडतं जे बिघडू शकतं असं कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. एम्युलेटरमध्ये काहीही बिघडतं. सुरक्षेचा विषय तर सगळा या 'काहीही'तच आहे. म्हणून सिराक्युज विद्यापीठातल्या वेनलियांग डू यांनी २००२ पासून उभारलेल्या सीड लॅब्ज मला आदर्श वाटतात. सगळं खुलं, फुकट, आणि बहुतेक प्रयोगांत विद्यार्थ्याने आधी खरोखर काहीतरी फोडायचं, मग बुजवायचं.

एक उदाहरण देतो, कारण याच्याशिवाय मुद्दा पोचत नाही. एआरपी नावाचा प्रोटोकॉल १९८२ मधला. एका स्थानिक नेटवर्कवर कुणाचा हार्डवेअर पत्ता काय, हे तो शोधतो. जुन्या चाळीची कल्पना करा. पोस्टमन चौकात उभा राहून ओरडतो, "बारा नंबर कोण?" गॅलरीतून जो "मी" म्हणेल त्याला पत्र मिळतं. ओळखपत्र बघायची पद्धतच नाही. त्याहून कमाल म्हणजे, पोस्टमनने विचारलंही नसताना तिसऱ्या मजल्यावरून कुणी ओरडला की "आजपासून बारा नंबर मीच", तर पोस्टमन तेही वहीत टिपून घेतो. ज्या काळात हे रचलं गेलं तेव्हा चाळीत सगळे एकमेकांना ओळखत होते, एवढंच त्याचं समर्थन.

वर्गात मी हे बोलून सांगत असे तेव्हा मुलं हसायची, पुढच्या बाकावरची लिहून घ्यायची, आणि विसरायची. आता तीन कंटेनर, म्हणजे एकाच मशीनमध्ये चालणारे तीन छोटे वेगळे संगणक, देतो: एक ग्राहक, एक गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार), एक हल्लेखोर. हल्लेखोर दोघांना खोटं सांगतो, 'तो दुसरा म्हणजे मीच.' ग्राहक टेलनेटने, म्हणजे सगळं उघडंच पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीने, लॉगिन करतो आणि हल्लेखोराच्या पडद्यावर पासवर्ड एकेक अक्षर करत उमटतो. तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती मी इतर कुठल्याही तासाला अनुभवलेली नाही. मग एकजण खिशातला मोबाइल काढून बघतो, की आपण आत्ता कॉलेजच्या वायफायवर आहोत का. त्यानंतर टीएलएस, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवायची पद्धत, शिकवावं लागत नाही, मुलंच विचारतात.

यावर विभागप्रमुखांपासून पालकांपर्यंत सगळ्यांचा एकच आक्षेप येतो: तुम्ही चोर तयार करताय. मला तो आक्षेप पोकळ वाटत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला हत्यार दिलं की ते चालवून बघावंसं वाटणारच. पण हत्यार मी देत नाही, ते त्याच्या मोबाइलवर तीन व्हिडिओंच्या अंतरावर आहे. प्रश्न एवढाच की पहिला प्रयोग तो कुठे करणार. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आहे. त्यातलं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल आहे, आणि तीच गोष्ट अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केली तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोसायटीतल्या शेजाऱ्याच्या वायफायवर 'नुसतं बघत होतो' म्हणणाऱ्या पोराला हे ठाऊक नसतं. बंदिस्त लॅबमध्ये मालक कॉलेज असतं, परवानगी लेखी असते, आणि त्या नेटवर्कला बाहेर जायची वाटच नसते. हे शेवटचं महत्त्वाचं. बाहेरच्या इंटरनेटला जोडलेली सुरक्षा-लॅब मी स्वतः बंद पाडेन. पण चार भिंतींच्या आतला आखाडा बंद करून मुलांना कुस्तीपासून दूर ठेवलं, असं समजणारे लोक गल्लीतल्या मारामाऱ्या बघत नाहीत.

आणि या शहराला असे पैलवान हवेत की नाहीत, हे न्हावा शेव्याला विचारा. २७ जून २०१७ रोजी जगभर नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम पसरला. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली, आणि त्याच दिवशी मेर्स्क या जहाज कंपनीचा कारभार कोलमडला. जेएनपीटीमधलं तिच्या समूहाचं टर्मिनल त्यात ठप्प झालं. ज्या भोकांतून तो आत शिरत होता त्यातल्या एकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. पण नॉटपेट्या एवढ्यावर थांबत नव्हता. एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड चोरून तो ठिगळ लावलेल्या मशीनमध्येही शिरे. आत गेल्यावर त्याला अडवणाऱ्या भिंतीच नव्हत्या. मेर्स्कला पुढच्या दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले, हे कंपनीच्या अध्यक्षांनीच दावोसमध्ये सांगितलं. कंपनीच्या सगळ्या वापरकर्त्यांची नोंद ठेवणारा एकच सर्व्हर जगात शाबूत सापडला, तो घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती म्हणून. आपल्याकडच्या लोडशेडिंगला अशी दुवा कधी मिळाली नसेल.

हा धडा फळ्यावर काढता येतो, पण उतरत नाही. लॅबमध्ये तीस कंटेनर एका सपाट, म्हणजे आत भिंती नसलेल्या, नेटवर्कवर ठेवा, एकाला लागण झाल्याचं नाटक करणारी निरुपद्रवी स्क्रिप्ट द्या आणि घड्याळ लावा. मग त्याच तीसांचे पाच व्हीलॅन करा, मध्ये रहदारी अडवणारी फायरवॉल ठेवा, पुन्हा घड्याळ लावा. कॉलेजच्या चालू नेटवर्कवर हे कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. माझी मुलं दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये हे दोनदा करतात. नंतर त्यातलं कुणी म्हणतं, "सर, आपली लॅब आणि फी काउंटर तर सपाटच आहे की." आहे. मी अर्ज दिलाय.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस सांभाळावे लागतात. ते लॉग वाचणार कोण? ज्याने आयुष्यात कधी एकही बिघडलेलं नेटवर्क पाहिलेलं नाही, तो सहा तास फक्त घाम पुसत बसेल.

आता जुन्या प्राध्यापकांची बाजू. ते म्हणतात तितकं सगळं खोटं नाही. आमच्या धंद्यात बोटांना येणारं एक ज्ञान असतं. केबलच्या टोकाला तारा बसवायचा टी-५६८-बीचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा पाठ असून भागत नाही, क्रिम्पिंगचा पाना दाबताना आठही तारा टोकापर्यंत पोचल्या की नाहीत हे अंगठ्याला कळावं लागतं. व्हर्च्युअल केबलला गंज चढत नाही, तिच्या डक्टमध्ये पावसाचं पाणी शिरत नाही, तिला उंदीर खात नाही. मी कंपनीत असताना नेटवर्क बंद पडल्याचा फोन आला की आधी विचारायचो, बाहेर रस्ता खोदलाय का. निम्म्या वेळा खोदलेला असायचा. तेव्हा रॅक हवाच. पण एकच, जुना चालेल. लॅमिंग्टन रोडवर वापरलेले मॅनेज्ड स्विच मिळतात. दोन-तीन आणा, ऑफिसच्या नेटवर्कपासून पूर्ण तोडा, आणि किल्ली हरवून टाका. फर्स्ट इयरच्या पोरांना तो उघडा राहू दे.

फक्त 'खरं' आणि 'खोटं' ही विभागणी आता जुनी झाली, हेही त्यांनी मान्य करावं. अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपल्या क्लाउडची डेटा सेंटरं सुरू केली. आमची मुलं पास होऊन ज्या नेटवर्कवर काम करतात त्यातले कित्येक स्विच आणि राउटर कुणी डोळ्यांनी पाहिलेलेच नसतात. ते सॉफ्टवेअरच आहेत. व्हर्च्युअल लॅब म्हणजे खऱ्याची नक्कल हे आता अर्धंच खरं आहे. बऱ्याच नोकऱ्यांत ती खऱ्याची सख्खी बहीण आहे.

खरी अडचण दुसरीकडे आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या वर्गातली मुलं बदलापूर, नालासोपारा, मुंब्र्याहून येतात. अनेकांकडे लॅपटॉप नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांचा चार किंवा आठ जीबी रॅमचा. सुरक्षा-चाचणीच्या साधनांनी भरलेली काली लिनक्स ही एक व्हर्च्युअल मशीन डेस्कटॉपसकट सुखाने चालवायची तर दोन जीबी तिलाच लागतात. अशा तीन मशीन मांडल्या की आठ जीबीचा लॅपटॉपही गुडघे टेकतो. म्हणून 'घरी व्हर्च्युअलबॉक्स टाकून करा' असं सांगणारे शिक्षक नकळत वर्गाचे दोन भाग करतात. लॅब कॉलेजच्या सर्व्हरवर हवी. कंटेनरमधला साधा राउटर काही दहा एमबींत भागतो; ६४ जीबीच्या एका सर्व्हरवर अख्खी बॅच नांदते, आणि मुलाला लागतो फक्त ब्राउझर. मोबाइलवर आज्ञा टाइप करणं हा छळ आहे हे मान्य, त्यामुळे संध्याकाळी सातपर्यंत लॅब उघडी ठेवणंही त्यात आलं. आणि शिपायाचा ओव्हरटाइमही.

त्याहून मोठा खर्च माणसाचा. एक चांगला बिघडवलेला प्रयोग रचायला मला आठ-दहा तास लागतात. तासिका तत्त्वावर मला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, या दहा तासांचे नाही. सर्व्हर घेण्याचा ठराव कॉलेजं आनंदाने करतात, त्याचं उद्घाटनही होतं, फीत कापतात. त्यावर प्रयोग कोण लिहिणार याचा ठराव मी अजून पाहिलेला नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नसलेल्या कॉलेजांत एकच अभ्यासक्रम चालतो, मग प्रत्येकाने तोच एआरपीचा प्रयोग वेगळा का रचायचा? एक सामायिक साठा करा, मराठीत कृतिपत्रिका करा (आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने मराठीतून सॉफ्टवेअर शिकवता येतं हे केव्हाच दाखवलंय), आणि लिहिणाऱ्याला मानधन द्या. यात चंद्रयान सोडण्याइतकं अवघड काही नाही.

आणि परीक्षा बदला. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा, कारण आमची मुलं परीक्षेप्रमाणेच शिकतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी मुलापुढे जर्नल नको, एक बिघडलेलं नेटवर्क ठेवा. तीन दोष, एक तास. सगळे सापडले नाहीत तरी चालेल. कसं शोधलं ते बघा. कुणी आधी पिंग केलं, कुणी थेट राउटिंग टेबल उघडलं, कुणी सगळं रीस्टार्ट करून देवावर भरवसा ठेवला. माणूस दहा मिनिटांत कळतो. केटी लागायचीच असेल तर या कारणाने लागू दे, समास आखला नाही म्हणून नको.

गेल्या सेमिस्टरला मी हे माझ्या बॅचपुरतं, मार्कांशिवाय करून पाहिलं. दोन दोष पेरले: एका मशीनवर चुकीचा गेटवे आणि फायरवॉलमधला एक उलटा नियम. मुंब्र्याची एक मुलगी पंचवीस मिनिटांत दोन्ही सोडवून हात वर करून बसली. मी शाबास म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "सर, तिसरा पण सापडला. पत्त्याचा शेवटचा आकडा १२८ च्या खाली असलेली मशीन उत्तर देतात, वरची देत नाहीत." मी तिसरा पेरलाच नव्हता. खुर्ची ओढून बसलो. राउटरवर चोवीसच्या जागी पंचवीसचा मास्क, म्हणजे नेटवर्क किती पत्त्यांचं ते ठरवणारा आकडा, मीच टाकला होता, आणि तपासताना फक्त पहिल्या दोन मशीन तपासल्या होत्या. राउटरच्या लेखी अर्धं नेटवर्क अस्तित्वातच नव्हतं.

तिने विचारलं, हे जर्नलमध्ये कुठल्या प्रयोगाखाली लिहायचं? मला सांगता आलं नाही. शेवटी तिने स्वतःच मागच्या पानावर 'प्रयोग क्र. ११' असा मथळा दिला आणि खाली लिहून काढलं. अधिकृत यादीत प्रयोग दहाच आहेत. एक्सटर्नल विचारतील तेव्हा बघू.